लाल म्हणजे जवळ येणारं

मला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, हे मी पहिल्यांदा परक्या माणसापुढे कबूल केलं तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो. आम्ही मोरा बंदरापासून थोडं दूर, सकाळच्या धुक्यात, एका फायबरच्या बोटीत होतो. बोटीवर मी धरून तिघेच जण होतो.

त्याच्या कितीतरी आधीपासून सांगायला हवं.

बारावीनंतर मला व्यापारी जहाजावर जायचं होतं. खांदा कॉलनीत आमच्या वरच्या मजल्यावरचे एक काका जहाजावर होते. ते सुट्टीवर आले की त्यांच्या घरी निराळाच वास यायचा, साबणाचा की कॉफीचा ते मला कधी कळलं नाही, पण तो वास आला की मला आपणही जावं असं वाटायचं. मी फॉर्म भरला, परीक्षा दिली, पास झालो. मग मुंबईत डॉक्टरांनी माझ्यासमोर ठिपक्यांचं एक पुस्तक उघडलं. म्हणाले, आकडा वाचा. पहिल्या पानावर बारा दिसला. दुसऱ्या पानावर नुसते ठिपके. मला वाटलं, हे पान रिकामंच असेल, मुद्दाम ठेवलं असेल. तिसरंही रिकामं, चौथंही. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं आणि सौम्यपणे विचारलं, "घरात आणखी कोणाला असं आहे का?"

घरी आल्यावर आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझा मामा एकदा एक लाल आणि एक हिरवी चप्पल घालून लग्नाला आला होता. आम्ही सगळे हसलो होतो त्याला."

जहाजावर रात्री समोरच्या बोटीचा लाल दिवा दिसतोय की हिरवा, यावरून ती कुठल्या बाजूला चालली आहे ते ओळखतात. ज्याला ते ओळखता येत नाही त्याला तिथे जागा नाही. हे मला पटलं, पण ते पचायला बरीच वर्षं गेली. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि समुद्राच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहिलो. सुकापूरच्या रस्त्यावर दुकान टाकलं. बोटींचे वायरलेस सेट, जीपीएस, मासे शोधायची यंत्रं, हे सगळं मी विकतो, बसवतो आणि दुरुस्त करतो.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये वायरींना रंग असतात, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण त्यावर मी उपाय काढला. प्रत्येक वायर मीटरने तपासायची आणि तिच्या टोकाला कागदाची छोटी पट्टी चिकटवून त्यावर नंबर लिहायचा. हळूहळू उरण, करंजा, मोरा या भागात माझ्या वायरिंगचं नाव झालं. दुसरा मेकॅनिक बोटीवर चढला तरी त्याला नंबर बघून कळायचं, कुठली वायर कुठे जाते. लोक म्हणायचे, काम कसं नीट करतो बघा. मी ऐकून घ्यायचो. नंबर का लावतो ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माहीत होतं फक्त बायकोला. ती बँकेत आहे, आणि सकाळी निघताना माझा शर्ट-पँट काढून ठेवणं हे तिचं लग्नापासूनचं काम. बाजारातून टोमॅटो आणायचं काम तिने माझ्याकडून पहिल्या आठवड्यातच काढून घेतलं होतं.

चाचा माझ्याकडे आले ते तीन-एक वर्षांपूर्वी. पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यातले कोकणी मुसलमान, वय अडुसष्टच्या आसपास. उमेदीची सगळी वर्षं आखातात टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटींवर, आणि सप्लाय बोटींवर काढलेली. परत आल्यावर त्यांनी स्वतःची एक फायबरची बोट घेतली होती. बंदराच्या बाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांना भाजीपाला, पाण्याचे जार, कधी सुटे भाग, कधी माणसं पोचवायची. बोट लहान, तीस फुटांच्या आतली. आजूबाजूला चालणारं सगळं तिच्यापेक्षा मोठं.

दुकानात खुर्चीवर बसून त्यांनी सरळ विषय काढला. "भाऊ, हिवाळ्यात सकाळी काही दिसत नाही. धूळ आणि धुकं एक होतं. त्यात आता रहदारी किती वाढली. माझ्या जुन्या कंपनीतला एक जण सांगत होता, लहान बोटीसाठी नवीन रडार आलंय. जवळ येणारं जहाज वेगळ्या रंगात दाखवतं. खरं आहे का?"

"खरं आहे. डॉप्लर म्हणतात त्याला."

"ते काम कसं करतं?"

मी त्यांना पळस्पे फाट्यावरच्या ट्रकचं उदाहरण दिलं. ट्रक हॉर्न वाजवत आपल्याकडे येतो तेव्हा आवाज बारीक, चढा लागतो, आणि आपल्याला ओलांडून गेला की तोच हॉर्न जाड होतो. रडारच्या लहरींचंही तसंच. जहाजावर आपटून परत येणारी लहर थोडी बदललेली असते. त्या बदलावरून यंत्राला कळतं की समोरचं जहाज आपल्याकडे येतंय की लांब जातंय.

"आणि येणारं असेल तर?"

"लाल दाखवतं."

"नाहीतर?"

"हिरवं. उभं असेल किंवा लांब जात असेल तर हिरवं."

हे सांगताना माझा आवाज बदलला नाही. बोटींच्या सामानाच्या वह्या-पुस्तकांत मी लाल आणि हिरवं हे शब्द हजारदा वाचले होते. ते बोलायला मला काही अडचण नव्हती.

यंत्र आलं. मोठ्या घमेल्याएवढा पांढरा डोम, त्याच्या आत अँटेना, आणि एक पडदा. मी ते घरी डायनिंग टेबलावर मांडलं. अशा यंत्रात सरावासाठी खोटी चित्रं दाखवायची सोय असते, ती चालू केली. काळ्या पडद्यावर मधे आपली बोट, भोवती वर्तुळं, आणि इकडेतिकडे सात-आठ ठिपके. बायको भाजी निवडता निवडता बघत होती.

"हे लाल झालं बघ," ती म्हणाली. "आता हेही."

मी बघत होतो. मला सगळे ठिपके मातीच्या रंगाचे दिसत होते. नीट न्याहाळल्यावर वाटलं, ती ज्याला लाल म्हणतेय तो जरा जास्त काळपट आहे. ती ज्या ठिपक्यावर बोट ठेवेल तो मी पाठ करत गेलो. अर्ध्या तासात दहातले सात बरोबर यायला लागले.

"चाचांना सांगून टाक ना," ती म्हणाली.

"त्यांना दिसतं ना. बघायचं त्यांनी आहे. मी फक्त बसवणार. शिवाय अलार्म आहे त्याला."

तिने वाटाण्याच्या शेंगा पुढे ओढल्या. 

बसवायला दोन दिवस लागले. केबिनच्या टपावर डोम, आत सुकाणूच्या डाव्या हाताला पडदा. दिशा दाखवणारा होकायंत्राचा भाग जुळवून घ्यायला बोट मोकळ्या पाण्यात अगदी सावकाश गोल फिरवावी लागते. चाचांचा खलाशी उरणजवळच्या गावचा आगरी, पन्नाशीचा, अंगाने बारीक. कमी बोलायचा. तिसऱ्या फेरीला त्याने मला विचारलं, "आपुन नुसतंच गोल का फिरतो?"

"यंत्राला उत्तर दिशा कुठे ते कळायला."

"त्याला आदी मालूम नाय?"

"नाही."

"मंग आमी सांगू की," तो म्हणाला आणि पुढे जाऊन बसला. चाचा हसले.

तो दिवस स्वच्छ होता. उत्तरेकडे समुद्रावरचा नवा पूल पडद्यावर एखाद्या आडव्या पट्टीसारखा उमटला होता. चाचा एका नजरेने बाहेर बघायचे, एका नजरेने आत, आणि खूश व्हायचे. "ती लॉन्च येतेय, लाल झाली. पूल हिरवा. बरोबर. तो ट्रॉलर लांब चाललाय, हिरवा. बरोबर." मी बाजूला उभा राहून मान हलवत होतो. सगळं ते स्वतःच ओळखत होते. मला वाटलं, सुटलो.

जानेवारीत एका सकाळी त्यांचा फोन आला. "आज धुकं आहे. मशिनची खरी परीक्षा आजच. याल का?"

मी मोटारसायकलने निघालो. उरण जवळ आल्यावर समोरच्या डंपरचे मागचे दिवे दिसेनात, इतकं दाट. धक्क्यावर पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. बोटीत भाजीचे क्रेट रचून तयार होते. नांगर टाकून उभ्या असलेल्या एका जहाजाने ते मागवले होते. खलाशी नाळेवर, म्हणजे बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, कानटोपी वर सरकवून बसला. चाचा सुकाणूपाशी उभे राहिले.

धक्का सोडल्या सोडल्या अलार्म किंचाळायला लागला. आजूबाजूला बांधलेल्या बोटी, तरंगते बोये, सगळंच त्याच्या कक्षेत येत होतं. चाचा वैतागले. "याला गप्प करा आधी. मला विचार करू दे." मी अलार्म बंद केला. बाहेर पडल्यावर पुन्हा चालू करायचा, असं मनाशी म्हटलं होतं. ते राहून गेलं.

"असं करू," चाचा म्हणाले. "मी खिडकीतून बाहेर बघतो. तुम्ही पडदा बघा. लाल दिसलं की बोला."

तेव्हाच सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण चाचांनी डोकं खिडकीबाहेर काढलं होतं, बोट सुटलेली होती, आणि मला घरच्या टेबलावरचा सराव आठवत होता. दहातले सात.

पंधरा मिनिटं आम्ही हळूहळू चाललो. पाणी राखेच्या रंगाचं, वरही तसंच. दोन ठिपके उजवीकडून मागे गेले, नांगरावरची जहाजं असावीत. मग डाव्या बाजूला, थोडा पुढे, एक नवा ठिपका उगवला.

"आहे काही?" चाचांनी बाहेरूनच विचारलं.

"डाव्या बाजूला एक आहे."

"रंग?"

मी पडद्याला नाक लावलं. घरी लाल जरा काळपट दिसायचा. हा काळपट होता की नव्हता? बाहेरच्या त्या पांढुरक्या उजेडात पडदाच वेगळा दिसत होता.

"हिरवा," मी म्हणालो. "जातोय लांब."

चाचांनी वेग होता तसाच ठेवला.

मी त्या ठिपक्यावरून नजर हटवली नाही. पडद्यावर अर्ध्या मैलाचं वर्तुळ होतं. ठिपका त्याच्या बाहेर होता, मग काठावर आला, मग आत आला. लांब जाणारा ठिपका आत कसा येईल? मी स्वतःला समजावलं, उभं जहाज असेल, आपणच त्याच्याकडे चाललोय. पण उभं जहाज असतं तर आपण पुढे जाऊ तसा तो ठिपका बाजूला सरकत मागे जायला हवा होता. आधीचे दोन तसेच मागे गेले होते. हा सरकत नव्हता. बोटीपासून त्याच्यापर्यंत रेघ काढली तर ती रेघ हलत नव्हती, नुसती आखूड होत होती.

"चाचा, थांबवा," मी म्हणालो. "मी अंदाजाने बोललो. मला रंग कळत नाहीत. मला लाल-हिरवं दिसत नाही."

त्यांनी लगेच इंजिन न्यूट्रल केलं, मग थोडं उलटं फिरवून बोट जागेवर आणली आणि एक लांब हॉर्न दिला. मग वाकून पडद्यावर एकदाच नजर टाकली.

"लालभडक आहे," ते हळूच म्हणाले.

नाळेवरून खलाशाने डावा हात वर केला. "इंजिन वाजतंय. मोटं हाय."

नंतर मलाही ऐकू आलं. धुक्यात आधी एक अंधारी जागा तयार झाली आणि तिच्यातून टग बाहेर आला. आमच्या समोरून, डावीकडून उजवीकडे. त्याच्या काठावर टांगलेले टायर मोजता आले असते. एक माणूस रेलिंगला टेकून दात घासत होता. त्याने आमच्याकडे बघितलं आणि ब्रश तोंडातच ठेवून हात केला.

टग धुक्यात शिरला तसं मला वाटलं, संपलं. पण चाचांनी बोट हलवली नाही. ते पडद्याकडे बघत होते. पहिल्या ठिपक्याच्या मागे, तेवढ्याच चालीने, दुसरा ठिपका येत होता.

"मागे काहीतरी ओढतोय," ते म्हणाले. "मधे दोर असणार."

पाण्यातून एक जाडजूड दोर क्षणभर वर आला, ताणला गेला, पाणी गाळत पुन्हा खाली बुडाला. आणि मग त्याच्या मागून खडीने भरलेला बार्ज, इंजिन नसलेली सपाट बोट, आला, दिवा नाही, माणूस नाही, नुसता गंजका पत्रा. तो पुढून जायला खूप वेळ लागला. टग गेला म्हणून आम्ही पुढे निघालो असतो तर त्या दोरावर चढलो असतो.

बार्ज गेल्यावर बोट डुलत राहिली. खलाशाने पालथा पडलेला फ्लॉवरचा एक क्रेट सरळ केला. मी पेटीवर बसलो.

"कधीपासून?" चाचांनी विचारलं.

"जन्मापासून."

"मग वायरी कशा जोडता?"

"नंबर लावून."

त्यांनी मान हलवली. "आता तुम्ही खिडकीत या. मी पडदा बघतो." एवढंच म्हणून त्यांनी जागा बदलली. पुढचा सगळा रस्ता त्यांनी एका हाताने सुकाणू धरून पडदा बघितला, आणि मी गार हवेत डोकं बाहेर काढून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघत राहिलो. जहाज सापडलं, भाजी चढली. परतताना धुकं विरळ झालं होतं.

धक्क्यावरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मला वाटत होतं ते आता बोलतील. त्यांनी बशीत चहा ओतला, प्यायले, बशी ठेवली.

"भाऊ, माझा उजवा कान गेलाय. आखातात इंजिनरूममध्ये गेला. पूर्ण बंद. म्हणून हा पुढे बसतो आणि ऐकतो." त्यांनी खलाशाकडे बोट केलं. "पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितलं होतं, मला या बाजूने ऐकू येत नाही. तुम्ही मला सांगितलं असतं तर मी तुम्हाला खिडकीत उभं केलं असतं. त्यात तकलीफ काय होती?"

 मी म्हणालो, "गलती झाली."

"गलती ते 'हिरवा' म्हणालात ती. न दिसणं ही गलती नाही." मग उठता उठता म्हणाले, "आज आता नको. मी फोन करतो."

आठ दिवस फोन आला नाही. घरी मी बायकोला सगळं सांगितलं. 'मी तेव्हाच म्हटलं होतं' असं ती म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली नाही. तिने फक्त विचारलं, "बोटीवर तिसरा माणूस होता ना, त्याच्या घरी कोण कोण आहे?" मला माहीत नव्हतं. दोन वेळा त्याच्यासोबत पाण्यावर गेलो होतो आणि मी विचारलंच नव्हतं. त्या रात्री मी नीट जेवलो नाही. दुकानात नवीन काम आलं तरी हात लावावासा वाटेना. एका जुन्या सेटवरच्या कागदी पट्ट्या बघत बसलो. इतकी वर्षं त्या पट्ट्यांचं कौतुक ऐकून घेतलं होतं, त्याची लाज वाटत होती.

नवव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, नमाज आटोपून चाचा स्वतःच दुकानात आले. खुर्ची ओढून बसले, खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला.

"आमच्या वेळच्या रडारला रंगच नव्हता," ते म्हणाले. "सगळं एकाच रंगाचं. मग आम्ही काय सगळे ठोकरत होतो का?"

कागदावर त्यांनी पेन्सिलने वर्तुळं काढली होती. आखातात कॅप्टन त्यांना शिकवायचा, ते त्यांनी मला दाखवलं. पडद्याच्या काचेवर तेलकट पेन्सिलने ठिपक्यावर फुली मारायची. तीन मिनिटांनी ठिपका जिथे असेल तिथे दुसरी फुली. अजून तीन मिनिटांनी तिसरी. तिन्ही फुल्या एका रेघेत आपल्याच बोटीकडे येत असतील तर टक्कर. रेघ बाजूने निघून जात असेल तर तो आपल्याला टाळून जाईल.

"त्या दिवशी तुम्ही हेच केलंत," ते म्हणाले. "रंग नाही बघितला, रेघ बघितली. उशिरा बघितली, पण बघितली."

मग त्यांनी स्वतःची शंका काढली. त्यामुळेच ते आले होते असं मला वाटतं. "एक सांगा. जहाज सरळ माझ्याकडे येत असेल तर लाल. पण अगदी आडवं, माझ्या समोरून काटकोनात जात असेल तर?"

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कधी कोणाला सांगितलं नव्हतं; आता त्यांना सांगितलं. डॉप्लरला फक्त जवळ येणं आणि लांब जाणं कळतं. आडवं जाणारं जहाज कितीही जोरात असो, त्याच्या लेखी ते जवळजवळ उभंच.

"म्हणजे हिरवं दाखवेल."

"बऱ्याचदा हो."

चाचा खुर्चीत मागे टेकले. "हे विकताना सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

"हो."

"चला, मग दोन्ही शिकू," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा बाहेर गेलो, या वेळी लख्ख उन्हात. यंत्रात ठिपक्यांच्या मागे माग उमटवायची सोय होती, शेपटीसारखी रेघ. ती मी चालू केली. बोटीपासून ठिपक्यापर्यंत दिशा धरून ठेवणारी रेघही लावली, म्हणजे काचेवर पेन्सिल चालवायला नको. अलार्मची कक्षा लहान केली, म्हणजे धक्क्यापाशी तो उगाच ओरडणार नाही आणि कोणी त्याला बंद करणार नाही. एक प्रवासी लॉन्च मुद्दाम हेरून आम्ही तिच्या वाटेच्या बाजूला, ती समोरून आडवी जाईल असे उभे राहिलो. चाचा रंग सांगत होते, मी रेघ सांगत होतो. ती समोरून जाताना खरंच हिरवी राहिली, पण तिच्या शेपटीवरून आम्हाला दोघांनाही कळलं की ती कुठून कुठे चालली आहे. जाता जाता मी खलाशाला विचारलं, घरी कोण कोण असतं. त्याची आई होती, बायको, आणि दोन मुली. धाकटी पनवेलला कॉलेजात.

"तुमच्याच बाजूला येते, खांदा कॉलनीत बशीतून उतरते," तो म्हणाला.

बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायला मला त्यानंतरही दोन महिने लागले. पहिल्यांदा सांगितलं ते करंजाच्या एका ट्रॉलरवाल्याला. त्याने ऐकून घेतलं, यंत्राचा खोका हातात फिरवला, "बघतो" म्हणाला आणि परत आला नाही. पुढे कळलं, त्याने दुसरीकडून घेतलं. मला वाईट वाटलं, पण त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. दुसऱ्याने नुसतं विचारलं, "बसवता येईल ना?" तिसरा म्हणाला, माझ्या मेहुण्यालाही असंच आहे. बहुतेकांना त्यात विशेष काही वाटलं नाही. इतकी वर्षं ज्याला घाबरून होतो ते लोकांच्या दृष्टीने चहा थंड होण्याइतकंही मोठं नव्हतं, हे मान्य करणं जरा अवघड गेलं.

चाचांनी गेल्या वर्षी बोट भाच्याच्या हाती दिली. डावा कानही कमी झाला होता. "आता दोन्ही बाजूंनी विचारावं लागतं, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं," म्हणाले. खलाशी मात्र त्याच बोटीवर आहे. मी अधूनमधून मोहल्ल्यात त्यांच्या घरी जातो. मोठ्याने बोलावं लागतं.

या हिवाळ्यात करंजाच्या काही तांडेलांनी, म्हणजे बोटी चालवणाऱ्या मुख्य माणसांनी, मिळून मला बोलावलं. चार-पाच बोटींवर नवी रडार आली होती आणि त्यांना ती समजून घ्यायची होती. बर्फाच्या कारखान्यामागे एका शेडमध्ये दहा-बारा जण बसले होते, काही जाळी विणत. मी यंत्र टेबलावर ठेवून सरावाचं चित्र लावलं आणि सुरुवातीलाच सांगितलं, "मला यातलं लाल कुठलं आणि हिरवं कुठलं ते दिसत नाही. तुम्ही सांगायचं. मी रेघा सांगतो."

 मग मागून एक म्हणाला, "मास्तर, खरंच नाय दिसत?"

"खरंच नाही."

"मंग वरचा तो लाल हाय बगा."

"लाल कुटं, नारिंगी हाय तो," त्याच्या शेजारचा म्हणाला.

"तुला नारिंगी कुटं दिसतोय त्यात? सरळ लाल हाय."

"अरे, पिवळट झाक हाय. नीट बग."

तिसरा उठून टेबलापाशी आला आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाला की हा आता मघापेक्षा जवळ आलाय, रंग जाऊ दे. मी त्याला तिथेच थांबवलं आणि त्या ठिपक्याच्या शेपटीची दिशा सगळ्यांना सांगायला लावली. बाकीचे दोघे अजून नारिंगी की लाल यावर वाद घालत होते. कोणीतरी चहा आणायला गेलं होतं. आम्ही पुढचा ठिपका घेतला.